डावा तळहात

माझी बायको महादेवी गेल्याचं मला कारखान्यात कळलं. अक्कलकोट रोडला सूत रंगवायचा कारखाना आहे, तिथं मी रंगारी. त्या दिवशी लाल रंग होता. हौदात लड्या बुडवत होतो, कोपरापर्यंत हात लाल. दारात हेमावती येऊन उभी राहिली. ही महादेवीची धाकटी बहीण. मी कामावर असलो की तीच तिच्याजवळ बसायची. एरवी काही निरोप असला की फाटकापासूनच हाका मारत यायची. त्या दिवशी तिनं हाक मारली नाही. मी लडी हौदातच सोडून दिली.

"भावजी, चला," एवढंच म्हणाली.

महादेवीच्या छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगूनही ठेवलं होतं. तरी सकाळी निघताना ती माझ्याशी बोलली होती. "आज लाल हाय व्हय? मग हात नीट धुवून या. मागल्या बारीला माझी उशी रंगवलीसा." मी तसाच लाल हातांनी घरी गेलो.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. महादेवीचे पाय शेवटी शेवटी लाकडासारखे ताठ झाले होते. कूस बदलायची तर हेमावती आणि मी दोघं लागायचो. हिला बसवायचं कसं, असं लोक दबक्या आवाजात बोलत होते. मी खाली बसलो आणि तिचे गुडघे वाकवले. सहज वाकले.

भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली. विधी करायला आलेल्या स्वामींनी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. जन्मभर रोज सकाळी आम्ही ते डाव्या तळहातावर घेऊनच पूजा करतो, आणि जातानाही ते तिथंच ठेवतात. तेवढ्यात माझी सासू गौरम्मा पुढं आली आणि म्हणाली, "हात बांधा तिचा. फडक्यानं घट्ट बांधा. त्या हातातनं पडतंय."

लोकांना वाटलं, म्हातारी दुःखानं बरळतेय. स्वामींनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या धोतराची किनार फाडली आणि लिंगावर तिची बोटं मिटवून हात बांधला. गौरम्मा असं का म्हणाली, ते त्या घोळक्यात मला एकट्यालाच माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आणीबाणी चालू होती, उन्हाळा होता. महादेवीचे पाय जड झाले होते. आधी चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचं नाही, अनवाणीच पुढं चालत जायची. मग जिना चढताना पाय उचलेना. मग भिंत धरून चालायला लागली. मणक्याचा क्षयरोग असेल म्हणून पाठीचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. तेव्हा आम्ही डॉ. मंद्रूपकरांकडं गेलो. ते मुंबईला शिकून नुकतेच सोलापुरात आले होते. बोलायला तुसडे, पण पेशंटचा पाय हातात घेऊन बसले की घड्याळ बघत नसत.

त्यांनी तिच्या तळपायावर किल्ली ओढली. अंगठा वर उठला. परत ओढली, परत उठला.

"अंगठा असा वर यायला नको. कण्याच्या आत गाठ असू शकते," ते म्हणाले. "मज्जारज्जूवर दाब पडत असेल. तसं असेल तर मिरजेला नेऊन पाठ उघडावी लागेल. उशीर केला तर पाय कायमचे जातील."

"आणि पाठ उघडली तर?" मी विचारलं.

"तरीही जाऊ शकतात. म्हणून आधी पाठीतलं पाणी बघायचं."

त्यांनी मला समजावलं. मेंदूपासून कण्याच्या खालच्या टोकापर्यंत पाणी सलग असतं. कमरेत सुई घालायची आणि सुईला काचेची उभी नळी लावायची. पाणी नळीत उभं राहतं. मग मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दाबायच्या. वाट मोकळी असेल तर नळीतलं पाणी झटकन चढतं. मध्ये गाठ असेल तर चढत नाही. चढलं नाही, तर मिरज.

गौरम्मा त्या दिवसांत आमच्याकडंच होती. तिचं गाव अक्कलकोटच्या खाली, कानडी मुलुखाला लागून. सुईचं ऐकलं आणि तिनं मुलीचा हात धरून उठायलाच सुरुवात केली.

"न्हाय म्हंजे न्हाय. पाठीतलं पाणी काढलं की मानूस लुळं पडतंय. आमच्या गावच्या गुरम्माचं काढलं, ती परत उठली न्हाय."

"आजी, ती आधीच उठत नसेल, म्हणूनच काढलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"तुमी हुता काय तितं?"

"नव्हतो."

"मग मी हुते."

डॉक्टरांनी महादेवीला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

महादेवी आधी आईकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "गाठच हाय का, एवडं कळंल न्हवं? दुसरं काय न्हाय ना, एवडं कळंल?"

"दुसरं काय?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "काढा पाणी."

दुसरं काय, ते तिच्या मनात होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. एवढं माहीत होतं की वर्षभरापासून ती अळणी जेवत होती. आमटी करायची मिठाची, आणि आपल्यापुरती आधी बाजूला काढून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, अव्वाचा नवस हाय. अव्वा म्हणजे तिची आई; गौरम्माही अळणीच जेवायची. बायकांच्या नवसात मी पडलो नाही.

सुईच्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. पंखे बंद. त्या सकाळीही दवाखान्याच्या मोरीत तिनं कढत पाण्यानं अंघोळ केली. इतक्या उन्हाळ्यात कशाला म्हणून वॉर्डातली केराबाई तिला बोलली होती. केराबाई म्हणजे तिथली आया. तोंडाची फटकळ, पण पेशंटला उचलताना हात मऊ. मी खोलीच्या दारात घुटमळत होतो तेव्हा तिनं मला आत ढकललं.

"या की दाजी आत. भ्यायलाय काय? नसबंदीला न्हाय न्यायचं तुमाला. ह्यो वॉर्ड वेगळा हाय."

डॉक्टर, सिस्टर, केराबाई आणि मी. गौरम्मा बाहेर बाकावर. दार लावलं तरी तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

महादेवीला डाव्या कुशीवर निजवलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. पाय ताठ, ते वाकेनात. केराबाईनं आणि मी मिळून वाकवले. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही पुढून धरायचं. एक हात डोक्यामागं, एक गुडघ्यांमागं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. सुई आत असताना ती हलली तर वाईट होईल."

सिस्टरनं मानेला हात लावला आणि थांबली. "गळ्यातलं काढा. मला इथं दाबायचं आहे."

गळ्यात दोऱ्याला अंड्याएवढी चांदीची डबी होती. तिच्यात इष्टलिंग असतं.

"ते अंगावेगळं करत न्हाईत," महादेवी म्हणाली.

"अगं, चोरीला न्हाय जात," केराबाई म्हणाली. "हितं काय बी चोरीला जात न्हाय. असतंय काय हितं चोरायला?"

मी सिस्टरना सांगितलं की आमच्यात ते जिवंतपणी अंगावरून काढून दुसरीकडं ठेवत नाहीत. डॉक्टर हातमोजे घालून उभे होते. "हातात धरलं तर चालतं का?"

"चालतंय," मी म्हणालो. "पूजेला हातातच घेतो."

"हातात नको," महादेवी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला नवल वाटलं.

"का गं?"

"गळ्यातच असू दे."

"गळ्यात असलं तर मान दाबता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि मान दाबली नाही तर सुई घालून उपयोग नाही. उजव्या हातात धर हवं तर."

"उजव्या हातात धरत न्हाईत."

"मग डाव्यात धर. लवकर."

तिनं माझ्याकडं बघितलं. कपाळावर घाम होता. मी दोरा तिच्या डोक्यावरून काढला आणि डबी तिच्या डाव्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली. तो हात खाली होता, पलंगाच्या कडेशी, माझ्या पोटासमोर. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. तिनं मिटले.

पाठीला स्पिरिट लावलं. मग सुई. महादेवीनं दात आवळले. पण ती हलली नाही. डॉक्टर हळूहळू सुई आत सारत होते, थांबत होते, परत सारत होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता, पाठ दिसत नव्हती. मग ते म्हणाले, "आलं." त्यांनी काचेची नळी जोडली. पाणी नळीत चढलं आणि थांबलं. मला वाटलं होतं त्यात रंग असेल. काहीच नव्हता. विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ.

"आता, सिस्टर."

सिस्टरनं दोन्ही हात मानेवर ठेवले. त्याच वेळी मी खाली बघितलं. महादेवीची बोटं उघडली होती. कुणी उघडली नव्हती, तिनंही उघडली नव्हती. जशी झोपेत उघडतात तशी. डबी तळहातावरून चादरीवर आली होती आणि पलंगाच्या कडेकडं चालली होती.

माझे दोन्ही हात अडकलेले. एक डोक्यामागं, एक गुडघ्यांमागं. सोडले असते तर तिचं अंग सुटलं असतं, आणि सुई तिच्या पाठीत होती. डबी खाली फरशीवर पडली तर आमच्या माणसाच्या आयुष्यात त्याहून वाईट काही नाही. मी पुढं झुकलो आणि पलंगाच्या कडेला पोट लावलं. डबी माझ्या सदऱ्याला येऊन थांबली.

"अहो," महादेवी म्हणाली. डोळे मिटलेलेच. "हातात हाय न्हवं?"

माझ्या पोटाला चांदी टोचत होती. तिचा उघडा हात त्याच्या शेजारीच होता.

"हाय," मी म्हणालो.

"नक्की?"

"हाय गं. धरलंयस तू. घट्ट धरलंयस."

तिनं सुस्कारा सोडला. आपल्या हातात आहे की नाही, ते तिला माझ्याकडून कळावं लागत होतं.

"चढलं," डॉक्टर म्हणाले.

मी मान वर केली. नळीतलं पाणी भराभर वर जात होतं. सिस्टरनं हात काढले, पाणी खाली आलं. परत दाबलं, परत चढलं.

"वाट मोकळी आहे," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं ते खूश होतील. ते माझ्या सदऱ्याकडं, डबीकडं आणि त्या उघड्या हाताकडं बघत होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं.

"महादेवी," ते म्हणाले, "डोळे उघडू नको. तुझ्या डाव्या हातात काय आहे?"

"लिंग."

"कळतंय तुला?"

तिनं मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"केराबाई, बाटली द्या. आणि अजून एक द्या. सिस्टर, रक्तही घ्यायचं आहे, दंडातून. आत्ताच."

पाणी थेंब थेंब बाटलीत पडत होतं. तेवढा वेळ मी तसाच वाकून उभा होतो. सुई निघाली, पाठीला कापूस लागला, आणि तिनं डोळे उघडले. आधी तिनं आपला हात बघितला. मग माझ्या पोटाशी अडकलेली डबी बघितली. मी दोरा परत तिच्या गळ्यात घातला. ती रडली नाही.

"त्यो हात असाच करतोय," ती म्हणाली.

सुईनंतर तिला उशीशिवाय सरळ निजून राहायला सांगितलं होतं. गौरम्मा चहा आणायला खाली गेली तेव्हा महादेवीनं मला सगळं सांगितलं. आढ्याकडं बघत सांगितलं, माझ्याकडं नाही. आदल्या वर्षी पूजेला बसली, लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा लिंग मांडीवर. मग अधूनमधून. मग दर दोन-चार दिवसांनी. तिनं आईला सांगितलं. गौरम्मानं स्वामींनाही सांगू दिलं नाही.

"अव्वा म्हनाली, लिंग तुझ्या हातावर बसाया तयार न्हाय. काय तरी घडलंय तुझ्या हातनं. आठव. मी लई आठवलं. काय सापडंना. मग दोघींनी मीठ सोडलं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? देव माझ्या हातावर ऱ्हात न्हाय म्हनून सांगू?"

"अगं, हात बधिर झाला असंल."

"बधिर हाय तर मग भाकरी कशी थापते मी? दिवसभर सगळं करतोय की त्यो हात. फक्त पूजेला बसलं की सोडतोय. मग पायबी गेले. तुमीच सांगा आता, काय समजायचं?"

हात सगळं धरतो आणि फक्त लिंग सोडतो, हे ऐकल्यावर माझ्याही मनात शंका आली. मी म्हणालो, डॉक्टरांना सांगू. ती नको म्हणाली. डॉक्टर हसतील म्हणाली. शेवटी म्हणाली, सांगा, पण अव्वासमोर नको.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा मळ्याच्या कामाला गावी गेली. मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"कधी पडतं? नेमकं कधी?"

"पूजेला बसले की."

"पूजेच्या आधी काय करतेस?"

"अंघोळ."

"गरम पाण्यानं?"

"चांगलं कढत. बंब पेटवते की."

"उन्हाळ्यातही?"

"कढत पाण्याशिवाय अंघोळ केल्यागत वाटत न्हाय."

ते पुढं झुकून तिचे डोळे बघू लागले. "डोळ्याचं कधी काही झालं होतं?"

"न्हाय."

"झालं होतं," मी म्हणालो. "हेमावतीच्या लग्नात. एका डोळ्यानं धुरकट दिसतंय म्हणायची. चुलीचा धूर लागला म्हणून सोडून दिलं आम्ही. महिन्याभरात बरा झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता ओरडतील. "डोळा, हात आणि पाय. मला फक्त पाय सांगितलेत तुम्ही. एकटे पाय बिघडले तर मी कण्यात गाठ शोधणार. डोळ्याला कण्यातली गाठ काय करणार?" मग आवाज खाली आणून महादेवीला म्हणाले, "उद्या थंड पाण्यानं अंघोळ कर. आणि पूजा कर."

"आनि पडलं तर?"

"पडलं तर मला सांग. मला ते समजायला हवं आहे."

दुसऱ्या दिवशी केराबाईनं मोरीत माठातलं गार पाणी नेऊन ओतलं. महादेवी कुडकुडत आली आणि पलंगावरच पूजेला बसली. मी समोर होतो. केराबाई खराटा घेऊन दारात उभी होती, झाडत नव्हती. महादेवीनं लिंग हातावर घेतलं आणि डोळे मिटले. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. बोटं जरा हलली. मी पुढं सरकलो. परत स्थिर झाली. तिनं डोळे उघडले तेव्हा लिंग तळहातावर होतं.

"बसलं की गं देव तुझा," केराबाई म्हणाली. "त्याला बी उन्हाळ्यात कढत पाणी सोसत नसंल."

महादेवी हसली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच हसली.

डॉक्टरांनी सांगितलं की मज्जातंतूंवर एक वेष्टण असतं, आणि ज्या आजाराचा त्यांना संशय होता त्यात ते ठिकठिकाणी झिजतं. कधी डोळ्याकडं जाणारं, कधी हाताकडं, कधी पायाकडं. झिजलेला तंतू जेमतेम काम करतो, पण अंग तापलं की तेवढंही करत नाही. गार झालं की परत चालतो. म्हणून भाकरी थापता येत होती आणि अंघोळीनंतरची पूजा होत नव्हती. आपल्याकडं हा आजार फार कमी दिसतो, म्हणून नुसतं यावर थांबायला ते तयार नव्हते. पाणी आणि रक्त बर्फात घालून, मुंबईच्या गाडीनं, त्यांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत गेलं होतं. तिथं एक नवीन तपासणी सुरू झाली होती.

ते पाणी वाटेत खराब झालं असेल का, बर्फ वितळला असेल का, याचा मी कारखान्यात हौदाशी उभा राहून विचार करत असे. महादेवी घरी थंड पाण्यानं अंघोळ करत होती. पण तिला पुरतं समाधान नव्हतं.

"गार पाण्यानं हात सुधारतोय, ते खरं," ती म्हणायची. "पन हात बिघडला कशानं? लिंग पडलं म्हनून आजार आला, का आजार हुता म्हनून लिंग पडलं? त्या बाटलीतनं ते कळंल का?"

श्रावणात डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर एक फोटो होता. दोन पट्ट्या, शेजारी शेजारी. एक तिच्या रक्ताची, एक पाठीतल्या पाण्याची. त्यांनी सांगितलं की ते एका पातळ थरावर ठेवून त्यातून वीज सोडतात, त्यातली प्रथिनं आपापल्या जागी सरकतात, मग वरून रंग देतात. जिथं प्रथिन असेल तिथंच रंग धरतो. ते मला लगेच समजलं. आमच्याकडं लडीला जिथं मेण लागलेलं असतं तिथं रंग धरत नाही, बाकी सगळीकडं धरतो. रक्ताच्या पट्टीत रंग सपाट पसरला होता. पाण्याच्या पट्टीत एका टोकाला बारीक बारीक वेगळ्या रेघा होत्या. लुगड्याच्या काठात असतात तशा.

"या रेघा रक्तात नाहीत, फक्त पाण्यात आहेत," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे गडबड कण्याच्या आणि मेंदूच्या आतच चालू आहे. दुसऱ्या काही आजारांतही अशा रेघा येतात, पण त्यांची चिन्हं तुझ्या पाण्यात नाहीत. डोळा, हात, पाय, गरम पाणी आणि या रेघा, सगळं मिळून मी सांगतो. याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात."

"मिरजेला जायचं न्हाय?" मी विचारलं.

"नाही. पाठ उघडायची नाही. पण याच्यावर औषधही नाही. जोर आला की इंजेक्शनं देऊ, जरा उतरेल. पुढं वाढत जाईल."

मला वाटलं, ती औषधाबद्दल विचारेल. तिनं फोटोवरच्या रेघांवर बोट ठेवलं. "ह्या रेघा कंदीच्या हाईत?"

"ते यातून कळत नाही."

"मग कशातनं कळंल?"

डॉक्टरांना तिचं म्हणणं समजलं असावं, कारण मी त्यांना ते आधी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "बहिणीचं लग्न कधी झालं?"

तिनं सांगितलं.

"आणि लिंग पहिल्यांदा पडलं ते?"

"त्येच्या पुढच्या वर्साला."

"तो डोळा याच आजाराचा होता. म्हणजे आजार आधी. लिंग नंतर."

"परत सांगा," महादेवी म्हणाली.

"आजार आधी. तुझा हात आजारानं सोडला. तू काही केलं नव्हतंस."

ती उठली, मी धरली. दारापर्यंत गेल्यावर तिनं मागं वळून त्यांना नमस्कार केला. घरी येऊन तिनं आमटीत मीठ घातलं आणि आपल्या वाटीतही तीच आमटी घेतली. पहिला घास खाऊन म्हणाली, "लई खारट झाली." खारट नव्हती.

पुढं आजार वाढला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. कधी दोन-तीन महिने बरे जायचे, मग एखाद्या आठवड्यात सगळं परत जायचं. चालणं गेलं. दुसरा डोळा धुरकटला. डावा हात गार पाण्यानंही ऐकेना, तेव्हा मी माझा तळहात तिच्या तळहाताखाली धरायचो आणि ती पूजा करायची. स्वामींना मी विचारलं नाही, हे चालतं का म्हणून.

आईला सांगायचं तिनं आधी ठरवलं होतं. मग एकदा मलाच म्हणाली, "आत्ता नको. अव्वाला कळलं की ती म्हनंल, आजारी पोरीला मी मिठाबिगर ठेवलं. ती माझ्यासमोर रडंल, ते मला बघवनार न्हाय. मी गेल्यावर सांगा. पन सांगा मात्र. न्हायतर ती मरस्तोवर अळणी खाईल."

गौरम्मा आली की महादेवी तिच्या देखत अळणी जेवायची. आई गेली की माझ्याकडून चिमूटभर मीठ मागून घ्यायची.

महादेवीचे दिवस घालून झाल्यावर मी गौरम्माच्या गावी गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो. तिनं मला ओसरीवर बसवलं, भाकरी थापली, शेंगांची चटणी वाढली, वर तेल घातलं. आपल्या ताटात नुसती डाळ घेतली. तिनं मीठ घेतलं नाही, ते मी बघितलं.

"अव्वा, आता तरी मीठ खा."

"तिचं फिटलं न्हाय अजून," ती म्हणाली. "पाठीतलं पाणी काढलं, तरी मी गप ऱ्हायले. पाप काय पाण्यात दिसतंय व्हय जावईबापू?"

पाप नव्हतंच, असं डॉक्टर सांगू शकले होते. मीही सांगू शकलो असतो. डोळा आधी, हात नंतर, एवढंच तर सांगायचं होतं. पण तिनं पुढं एकच प्रश्न विचारला असता: मग माझ्या पोरीला मी मीठ का सोडायला लावलं? महादेवी म्हणाली होती की ती रडेल. त्याचं मला भय नव्हतं. ती रडणार नाही, ताटावरून उठेल आणि परत जेवणारच नाही, असं मला वाटलं. ती तशी बाई आहे.

मी चटणीभाकरी खाल्ली, हात धुतला आणि संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला आलो. गौरम्मा अजून अळणी जेवते. तिला सांगायचं राहिलं आहे.